मुलाचे गुपित कोणाचे?



दर ईदनंतर दोन-चार घरांतून मला एक मसला हमखास विचारला जातो. मुलांना पाहुण्यांकडून मिळालेली ईदी आई-वडिलांनी घरखर्चाला वापरली तर चालते काय? फुकहांनी याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जे बालकालाच म्हणून दिले गेले, ते बालकाच्या मालकीचे. आई-वडील त्या पैशांचे राखणदार. ते पैसे सांभाळतील, त्याच्या हितासाठी खर्च करतील, परंतु ते आपले समजणार नाहीत. घरची खरोखरच अडचण असेल तर सवलतीचा विचार वेगळा. हे उत्तर ऐकून पालक जरा ओशाळतात, हसतात आणि बहुधा पुढच्या ईदला पुन्हा तेच करतात.

मला मात्र काही वर्षांपासून या मसल्याच्या पुढचा एक प्रश्न सतावतो आहे. शंभर रुपयांची नोट जर मुलाची असू शकते, तर त्याच्या मनातली गोष्ट कोणाची? बारा वर्षांच्या मुलाने काही विश्वासाने सांगितले, तर ते जाणून घेण्याचा आई-वडिलांना निर्विवाद हक्क आहे काय? आणि ज्याने ते ऐकले, त्याने ते मुलाला न विचारता पुढे पोहोचवावे काय? हा प्रश्न मी किताबांच्या कपाटासमोर बसून काढलेला नाही. माझ्या हातून एक चूक झाली आणि प्रश्न तिच्या मागून आला. ती चूक आधी सांगतो. मुलगा ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आमचा भाग कोकणाचा. इथल्या पुष्कळ घरांतील कर्ता पुरुष आखातात असतो. घर, शेत, सासू-सासरे, मुलांची शाळा, सगळे आई पाहते. माझ्या मकतबमध्ये सातवीत शिकणारा एक मुलगा होता. त्याचे वडील कुवेतमध्ये. आपल्याकडे इशाची नमाज आटोपते तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, कामावरून खोलीवर परतण्याची वेळ. तेव्हा घरी त्यांचा व्हिडिओ कॉल येई. प्रश्न ठरलेले असत. नमाजा किती झाल्या? सबक कुठवर आला? चाचणीत गुण किती? मुलगा तिन्ही उत्तरे देई आणि फोन आजीच्या हाती ठेवून बाहेर पडे.

एकदा मगरिबनंतर सगळी मुले गेल्यावर तो रेंगाळला. आधी चटया गोळा केल्या, मग रेहाली नीट लावल्या. त्यानंतर दाराकडे एकदा वळून पाहिले आणि म्हणाला, "मौलाना, मी शिकवणीला जात नाही. दोन महिने झाले." बोलताना तो अडखळत असे. शिकवणीतील मोठी मुले त्याच्या अडखळण्याची नक्कल करत. म्हणून तो त्या वेळात खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसे आणि वेळ झाली की घरी येई. फीचे पैसे शिकवणीत पोहोचत होते, मुलगा पोहोचत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "अब्बांना सांगू नका हं." मी मान हलवली.

चार दिवसांनी वडिलांचा मला फोन आला. मुलगा हल्ली गप्प असतो, तुमच्याकडे काही बोलला का, असे त्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात काळजी होती. दोन वर्षांतून एकदा मुलाला पाहणाऱ्या बापाची काळजी काय असते, ते आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. मी सगळे सांगून टाकले. वली म्हणून त्यांना कळलेच पाहिजे, अशी मी मनाची समजूत घातली. त्याच रात्री व्हिडिओ कॉलवर, चुलते आणि चुलत भावंडे समोर असताना, मुलाची झडती झाली. खोटेपणाबद्दल, वाया गेलेल्या फीबद्दल, आणि शेवटी अडखळण्याबद्दलही. दुसऱ्या दिवशी तो मकतबला आला. सबक बिनचूक म्हणून दाखवला. माझ्याकडे मात्र पाहिले नाही.

आता तुम्ही म्हणाल, मौलाना, बापाला सांगितले यात गुन्हा काय? दीर्घकाळ मलाही तसेच वाटत होते. पण हदीसच्या किताबांतील एक घर मला स्वस्थ बसू देईना. ते घर मदीनेतील ह. उम्मे सुलैम (रजि.) यांचे.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) हिजरत करून मदीनेत आले, तेव्हा उम्मे सुलैम यांचे चिरंजीव ह. अनस (रजि.) सुमारे दहा वर्षांचे होते. तेव्हापासून दहा वर्षे ते प्रेषितांच्या सेवेत राहिले. म्हणजे आपली मुले ज्या वयात पाचवी-सहावीत जातात, त्या वयापासून पुढची सारी अडनिडी वर्षे त्यांनी त्या छायेत काढली. तेच सांगतात की, एके दिवशी ते मुलांत खेळत असताना प्रेषित (स.) तेथे आले, मुलांना सलाम केला आणि अनस यांना एका कामासाठी पाठवले. घरी यायला उशीर झाला. आईने विचारले, कुठे अडकला होतास? त्यांनी सांगितले की प्रेषितांनी कामाला पाठवले होते. आईने विचारले, कोणते काम? मुलगा म्हणाला, ते गुपित आहे.

येथे थोडे थांबा आणि आपले घर डोळ्यांसमोर आणा. सहावी-सातवीतील मुलगा उशिरा घरी येतो, आई कारण विचारते आणि मुलगा सांगतो की ते गुपित आहे. आपल्यापैकी किती घरांत पुढचे वाक्य शांतपणे उच्चारले जाईल? उम्मे सुलैम यांनी मुलाला बजावले की, प्रेषितांचे गुपित कोणालाही सांगू नकोस. तिने 'कोणालाही' म्हटले आणि स्वतःलाही त्यात धरले. अनस यांना दीर्घायुष्य लाभले. म्हातारपणी आपल्या जवळच्या शिष्याला ही हकीकत सांगताना ते म्हणाले की, कोणाला सांगायचेच असते तर तुला सांगितले असते. ते काम कोणते होते, हे उम्मतीला आजही ठाऊक नाही. हदीसच्या किताबांनी त्या घरातील किती बारीकसारीक गोष्टी जपल्या, आणि ही एक गोष्ट एका मुलाने जपली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ते गुपित अल्लाहच्या प्रेषितांचे होते, शिकवणी बुडवणाऱ्या पोराचे नव्हे. मान्य. पण दोन गोष्टी पाहा. आईजवळ त्या क्षणी पुरावा कोणता होता? फक्त मुलाचा शब्द. तिने तो शब्द पुरेसा मानला, कारण त्या घरात मुलाच्या शब्दाला किंमत होती. दुसरी गोष्ट अशी की, अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. तिचा आशय असा की, माणूस काही बोलला आणि बोलून त्याने आजूबाजूला वळून पाहिले, तर ती गोष्ट अमानत ठरते. 'हे कोणाला सांगू नका' असे तोंडाने म्हणण्याचीही गरज नाही, मान वळवणे पुरते. माझ्या मकतबमधल्या मुलाने दाराकडे वळून पाहिले होते आणि वर तोंडानेही सांगितले होते. ही हदीस मी मदरशात शिकलो, तिच्यावर परीक्षेत प्रश्न सोडवला, मिंबरवरून ती दोनदा सांगितलीही. मात्र ती बारा वर्षांच्या मुलालाही लागू होते, हे मला सुचले नव्हते.

मग बापाचा हक्क बुडाला काय? नाही. बाप वली आहे. घरच्यांना आगीपासून वाचवण्याची आज्ञा दिव्य कुरआनात (६६:६) त्यालाच उद्देशून आहे. प्रत्येक जण आपापल्या कळपाचा मेंढपाळ आहे आणि त्याला जाब द्यायचा आहे, ही हदीस तर प्रत्येक लग्नाच्या खुत्ब्यानंतर आपण ऐकवतो. म्हणून मुलाची शिकवणी बुडते आहे हे बापाला कळणे योग्यच होते. माझी चूक मार्गात झाली. मी मुलाला म्हणू शकलो असतो, "हे अब्बांपासून फार काळ लपणार नाही. तू सांगतोस की आपण दोघे मिळून सांगू या?" त्याला दोन दिवस देऊ शकलो असतो. वडिलांना म्हणू शकलो असतो की, मुलगा अडचणीत आहे, रागावू नका, एकट्याला घेऊन बोला. हे सगळे शक्य होते आणि त्यासाठी जास्तीत जास्त अर्धा तास लागला असता. मी दोन मिनिटांत मोकळा झालो.

या अनुभवातून मला एक फरक उमगला. आज्ञापालन हा पालकांचा हक्क आहे, तो शरीअतच्या मर्यादेत मागता येतो. मन उघडे करणे मात्र हक्काने वसूल होत नाही. धाक दाखवून मुलाकडून माहिती काढता येते, दप्तर तपासता येते, फोनमधील संदेश वाचता येतात. पण जे मुलाने स्वतःहून दिले नाही, ते हाती आले तरी उपयोगी पडत नाही, कारण पुढची गोष्ट तो अधिक खोल पुरून ठेवतो. कुरआनने पाळत ठेवण्यास मनाई केली आहे (४९:१२). काही बंधू विचारतात की मग मुलाच्या हातात फोन देऊन डोळे मिटून बसायचे काय? शेताची राखण करणारा माणूस बांधावर उघड उभा असतो, तो दिसावा हाच राखणीचा अर्थ. पाळत लपून ठेवली जाते. फोन रात्री बैठकीच्या खोलीत राहील, आठवड्यातून एकदा आपण तो मिळून पाहू, असे मुलाला आधी सांगणे ही राखण झाली. तो झोपल्यावर त्याचे बोट लावून फोन उघडणे, ही गोष्ट बापाने स्वतःच्या बाबतीत सहन केली नसती.

सहावी ते आठवी हा काळ शरीअतच्या दृष्टीनेही विलक्षण आहे. मूल मुमय्यिज झालेले असते, बरे-वाईट ओळखते, पण बहुधा अजून मुकल्लफ नसते. बालिग होण्याची लक्षणे दिसली नाहीत तर पंधरा चांद्रवर्षे ही मर्यादा आहे, म्हणजे सौर गणनेने सुमारे साडेचौदा वर्षे. तोवर त्याच्या चुका लिहिणारी लेखणी उचललेली असते. मला ही अल्लाहची फार मोठी मेहेरबानी वाटते. चुकून पाहण्यासाठी, कबूल करण्यासाठी, आई-वडिलांजवळ रडण्यासाठी ही वर्षे मोकळी ठेवली आहेत. आपण मात्र नेमक्या याच वर्षांत सर्वाधिक हिशेब मागतो. गुणपत्रिकेचा, नमाजांचा, पैशांचा. हिशेब मागायला हरकत नाही, पण त्याआधी हालहवाल विचारावी लागते आणि ती विचारण्याची सवय बहुतेक बापांना राहिलेली नाही. व्हिडिओ कॉलवरचे ते तीन प्रश्न आठवा. त्यांत मुलगा स्वतः कुठे होता?

उम्मे सुलैम यांच्या घरातच या सवयीचा धडा आहे. अनस यांचा एक धाकटा भाऊ होता, अबू उमैर. त्याने एक छोटा पक्षी पाळला होता. तो मेला आणि मूल हिरमुसले. प्रेषित (स.) त्या घरी आले की त्याला त्या पक्ष्याबद्दल विचारत. राज्यकारभार, शत्रूंची चढाई, वहीचा भार हे सारे ज्यांच्या खांद्यावर होते, त्यांना एका मुलाच्या पक्ष्याचे नाव लक्षात होते. आपल्याला मुलाच्या वर्गातील मित्रांपैकी तिघांची नावे सांगता येतील काय? प्रयत्न करून पाहा, मी एका बैठकीत बापांना हे विचारले तेव्हा बरीच शांतता पसरली होती.

आणि स्वतः अनस यांच्याबद्दलची दुसरी हकीकत. एकदा प्रेषितांनी त्यांना कामाला सांगितले. पोरवयाच्या लहरीत ते 'मी जाणार नाही' असे म्हणून गेले, मनात जायचेच होते तरी. वाटेत बाजारात मुले खेळत होती, तिथे ते रमले. अचानक मागून कोणी मानेला धरले. वळून पाहतात तो प्रेषित (स.) हसत उभे. लाडाने 'उनैस' अशी हाक मारून त्यांनी विचारले की सांगितल्या ठिकाणी जाऊन आलास का. मुलगा म्हणाला, निघालोच आहे. विषय संपला. अनस यांनीच साक्ष दिली आहे की, त्या दहा वर्षांत प्रेषितांनी त्यांना कधी 'उफ' म्हटले नाही, हे का केलेस किंवा ते का केले नाहीस असा जाब विचारला नाही. आम्हा मकतबच्या शिक्षकांनी ही हदीस मुलांना पाठ करून द्यावी की स्वतः करावी, याचा विचार व्हायला हवा. दहाव्या वर्षी नमाजसाठी मारण्याचा उल्लेख असलेली हदीस मात्र आपल्याला तोंडपाठ असते. तिच्यात सातव्या वर्षापासून तीन वर्षे सांगत राहण्याची आज्ञा आधी आहे. दिवसाला पाच या हिशेबाने पाच हजारांहून अधिक वेळा मायेने हाक मारणे आहे. शिवाय मारण्याला फुकहांनी घातलेल्या कडक अटी आहेत, चेहऱ्यावर नाही, व्रण उठेल असे नाही. ह. आयशा (रजि.) तर सांगतात की, जिहादाचा प्रसंग वगळता प्रेषितांनी कोणावरही हात उगारला नाही.

मुलींच्या मातांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. या वयात शरीर बदलते. मुलीला पहिली हैज येते, मुलाला एहतिलाम होतो, आणि पुष्कळ घरांत त्यावर एक शब्दही बोलला जात नाही. मग गुस्लचा मसला मैत्रिणीकडून कळतो आणि बाकीचे मोबाइलवरून, बहुधा घाणेरड्या वाटेने. हीच उम्मे सुलैम प्रेषितांच्या सेवेत गेली आणि अल्लाह सत्य सांगण्यास संकोचत नाही, अशी प्रस्तावना करून तिने स्त्रीच्या गुस्लबद्दल उघड विचारले. ज्या घरात आई असे विचारू शकत होती, त्या घरातील मुलगा तिला 'हे गुपित आहे' असे निर्भयपणे सांगू शकत होता. या दोन गोष्टी एकाच मातीतल्या आहेत असे मला वाटते. तांदळाच्या भाकऱ्या थापताना शेजारी बसलेल्या लेकीशी हे बोलणे सोपे जाते, समोर बसवून 'आता तुला महत्त्वाचे सांगायचे आहे' अशा सुरात जात नाही. ह. इब्ने अब्बास (रजि.) लहान वयात प्रेषितांच्या मागे स्वारीवर बसले होते, तेव्हा वाटेत त्यांना अल्लाहवर भरवसा ठेवण्याची ती प्रसिद्ध शिकवण मिळाली. ह. उमर बिन अबी सलमा (रजि.) यांना बिस्मिल्लाह म्हणून उजव्या हाताने आपल्या पुढ्यातले खाण्याचा धडा एकाच ताटात जेवताना मिळाला, आणि आयुष्यभर तशीच सवय राहिली असे ते सांगतात. वाट आणि ताट, दोन्ही आपल्यापाशी रोज आहेत. मशिदीपासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांत मुलगा जे बोलतो, ते तासभर समोर बसवून निघत नाही. ज्यांचे वडील परदेशी आहेत, त्यांनी फोन कानाला लावून मुलाला चालायला सांगावे. कॅमेरा बंद ठेवावा. चेहरा दिसत नसला की मुले अधिक बोलतात.

गुपित जपण्यालाही सीमा आहे आणि ती स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. मुलाच्या देहाला कोणी हात लावत असेल, त्याला छळत असेल, किंवा मूल स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर तेथे 'कोणाला सांगू नका' हे वचन पाळायचे नसते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकतो. १०९८ हा बालकांसाठीचा विनामूल्य क्रमांक आहे. आरोपी नातेवाईक असो, शिक्षक असो की माझ्यासारखा टोपी-दाढीवाला असो, इज्जतीच्या नावाखाली झाकायचे नाही. अशा वेळीही मुलाला आधी सांगावे की, हे मी एकट्याने पेलू शकत नाही, म्हणून अमुक माणसाला सांगणार आहे. मूल रडेल, रागावेलही. पण पाठीमागे काही केले, असे त्याला वाटता कामा नये.

राहिली माझी गोष्ट. माणसाचा हक्क मारला गेला तर तौबा त्या माणसाकडे जाऊन माफी मागितल्याशिवाय पुरी होत नाही. हुकूकुल इबादच्या या नियमात वयाची अट कोठेही नाही. तरीही एका विद्यार्थ्याची माफी मागायला मला तीन वर्षे लागली. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मी त्याला गाठले आणि म्हणालो, "तू माझ्याजवळ एक अमानत ठेवली होतीस, मी ती सांभाळली नाही. मला माफ कर." तो आता माझ्याएवढा उंच झाला आहे. अडखळणे पुष्कळ कमी झाले आहे. "जाऊ द्या, मौलाना," एवढेच म्हणाला आणि चप्पल शोधू लागला.

मागच्या पंधरवड्यात असरनंतर तो धक्क्याकडे निघाला होता, मीही त्याच्याबरोबर चालत गेलो. भरतीची वेळ, दहावीनंतर आयटीआयला अर्ज करावा की नाही, वडील या खेपेला किती दिवस राहणार, असे काहीबाही तो बोलत होता. वडील आता फोनवर गुण विचारत नाहीत, हेही मध्येच सांगून गेला. धक्क्यावर पोहोचल्यावर तो पाण्याकडे पाहत बराच वेळ गप्प बसला. मी काही विचारले नाही. मगरिबची वेळ झाली तेव्हा आम्ही दोघे परत फिरलो.